निवृत्तीआधीच परदेशी मुक्काम : दीर्घकालीन व्हिसा

• पर्यटन वेगळे, वास्तव्य वेगळे. शेंगेन पर्यटन व्हिसावर १८० दिवसांत कमाल ९० दिवस. त्यापुढे त्या-त्या देशाचा ‘डी’ व्हिसा.

• थायलंड. निवृत्ती व्हिसा ५०व्या वर्षापासून. बँकेत ८ लाख बाट किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न. नोकरीस मनाई. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे निवृत्तीवय ५८. हा मार्ग त्याच्या आठ वर्षे आधी खुला होतो.

• पोर्तुगाल. ‘डी-७’ व्हिसाला निवृत्तीवयाची अट नाही. घरभाडे, लाभांश, पेन्शन असे नियमित उत्पन्न हवे.

• स्पेन. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी २०२३ पासून स्वतंत्र व्हिसा.

• नागपुरातली कागदपत्रे. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर. प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय शहरातच. युरोपीय देशांसाठी जन्म-विवाह दाखल्यांवर सहसा अपोस्टिल लागते. ते परराष्ट्र मंत्रालय देते. भारतात ही पद्धत २००५ पासून.

• पैसा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. अनिवासी झाल्यावर बचत खाते ‘एनआरओ’ करावे लागते.

• व्हिसा म्हणजे नागरिकत्व नव्हे. तो घेतल्याने भारतीय पासपोर्ट जात नाही. परदेशी नागरिकत्व स्वीकारल्यास मात्र भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर मिळू शकणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या धारकाला मतदानाचा हक्क नसतो.

उत्पन्नाच्या अटी बदलत राहतात. अर्जाआधी संबंधित दूतावासाचे ताजे नियम पाहावेत.