मुलाचे हात धुणे थांबत नाही? घरातला मोबाईल असा कामाला लावा

सकाळी नळाला तासभर पाणी येते. त्या तासात घरचे पिंप भरायचे असते आणि दहा वर्षांची मुलगी हात धुण्यातच अर्धे पिंप संपवते. हाताची सालं निघाली, भेगा पडल्या, तरी तिला हात घाणच वाटतात. दुसऱ्या घरात मुलगा गृहपाठाची एकच ओळ पान फाटेपर्यंत खोडून लिहितो. तिसऱ्या घरात पोरगी झोपायच्या आधी दाराची कडी वीस वेळा बघते आणि विचारत राहते, "आई, तुला काही होणार नाही ना?" घरचे म्हणतात, नखरे आहेत. शेजारीण सांगते, बाहेरचं झालंय, भगताकडे न्या. मग अंगारा, ताईत, कधी मार. यात दोन-तीन वर्षे जातात आणि मुलाची शाळा मागे पडते.

या आजाराला ओसीडी म्हणतात. मराठीत त्याला मंत्रचळ हा जुना शब्द आहे. शंभर मुलांमागे एक-दोघांना तो होऊ शकतो. यात मुलाचा दोष नाही, आईच्या वळणाचाही नाही.

आजार वाढतो कसा?

मनात नको असलेला विचार घुसतो: "हाताला जंतू लागले, आता घरात कोणीतरी मरेल." मुलाला प्रचंड भीती वाटते. ते हात धुते आणि जरा बरे वाटते. इथेच फसगत होते. धुतल्यामुळे वाचलो, असे मन शिकते. पुढच्या वेळी भीती आणखी जोरात येते आणि दोनदा धुवावे लागते, मग दहादा.

लहान मुलांना थोड्याफार सवयी असतातच. ठरावीक ताटच हवे, ठरावीक गोधडीच हवी, यात काळजीचे काही नाही. पण असे विचार आणि कृती दिवसाचा तासापेक्षा जास्त वेळ खात असतील, किंवा त्यापायी शाळा, जेवण, झोप, खेळणे बिघडत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

उपचार कोणता?

या आजारावरचा मुख्य उपचार म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरे जाणे आणि त्या वेळी हात धुण्यासारखी कृती न करणे. आधी भीतीची शिडी करतात. सगळ्यात सोपी गोष्ट खालच्या पायरीवर, सगळ्यात अवघड वरच्या. प्रत्येक पायरीला मूल 0 ते 10 पैकी भीतीचा आकडा देते. समजा, घरातल्या खुर्चीला हात लावून न धुणे 3, दाराची कडी 5, दुकानातली नाणी 7. सुरुवात 3 पासून. हात लावायचा, धुवायचा नाही आणि थांबायचे. भीती आधी चढते, मग हळूहळू उतरते. रोज केले की मनाला कळते, न धुताही काही झाले नाही. एखाद्या दिवशी भीती उतरली नाही तरी ते न धुता थांबले, ही कमाईच आहे.

अमेरिकेत 2004 साली 7 ते 17 वर्षांच्या 112 मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनंतर ही थेरपी आणि गोळी दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी शंभरात सुमारे 54 जणांचा आजार जवळजवळ ओसरला होता. फक्त थेरपी मिळालेल्यांत 39, फक्त गोळीवर 21, आणि खोटी गोळी दिलेल्यांत 4. म्हणून गोळीची चिठ्ठी मिळाली तरी थेरपीबद्दल जरूर विचारा.

मग मोबाईल कशाला?

थेरपिस्ट मुलाला आठवड्यातून एकदा, फार तर तासभर भेटतात. आजार मात्र घरात असतो, मोरीपाशी, दाराच्या कडीपाशी, रात्री अंथरुणात. खरा सराव तिथेच व्हायला हवा आणि तिथे थेरपिस्ट नसतात. ही मधली जागा फोन भरून काढू शकतो.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने यासाठी 'अँक्झायटी कोच' नावाचे ॲप तयार केले होते. त्यात मुलाची शिडी साठवलेली असते, सराव करताना ते भीतीचे आकडे नोंदवते आणि पुढच्या भेटीत थेरपिस्टला दाखवते. स्वीडनमध्ये 8 ते 17 वर्षांच्या 152 मुलांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आधी इंटरनेटवरून धडे दिले, थेरपिस्ट संदेशांतून मार्गदर्शन करत होते. ज्यांना तेवढ्याने पुरले नाही त्यांना नंतर प्रत्यक्ष भेटी दिल्या. बाकीच्या निम्म्यांना सुरुवातीपासून प्रत्यक्ष भेटी होत्या. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांचा निकाल जवळपास सारखा आला. दोन्हीकडे आई-वडील सरावात सामील होते आणि थेरपिस्ट पाठीशी होते, हे विसरू नका.

आपल्या घरात कसे करायचे?

आधी डॉक्टरांकडून निदान आणि थेरपिस्टकडून शिडी, मग सराव. त्यासाठी खास ॲप लागत नाही, साधा फोनही चालतो.

- थेरपिस्टने वहीत काढून दिलेल्या शिडीचा फोटो फोनमध्ये ठेवा. वही हरवली तरी शिडी राहते.
- सरावाच्या वेळेचा गजर लावा. घरात एकच फोन असेल आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर संध्याकाळची वेळ ठरवा.
- हात लावल्यावर लगेच, मग 5, 10 आणि 20 मिनिटांनी भीतीचा आकडा विचारा आणि लिहून ठेवा. आकडा उतरताना मुलाने स्वतः पाहिला की त्याचा धीर वाढतो.
- थेरपिस्टच्या परवानगीने त्यांच्या सूचना त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्या. आजीला वाचता येत नसले तरी ऐकता येते.
- गाडीभाडे आणि रोजी बुडत असेल, तर मधली एखादी भेट फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर होईल का, हे थेरपिस्टला विचारा.

एक गोष्ट मात्र पक्की. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायचेच. एकदा, वीस सेकंद, झाले. मुलाचा हात जबरदस्तीने कचऱ्याला लावू नका, पाणीही तोडू नका. पायरी मुलाच्या संमतीनेच चढायची.

घरच्यांनी आजाराला मदत करू नये

मूल रडते म्हणून आई पाणी ओतत राहते, बाबा कडी तपासून दाखवतात, ताई दहाव्यांदा सांगते, "काही होणार नाही." हे मायेपोटी होते, पण पोसला जातो आजार. हे एकदम तोडायचे नसते. थेरपिस्ट आणि मूल यांच्याशी बोलून ठरवा: या आठवड्यात उत्तर पाच वेळा, पुढच्या आठवड्यात दोनदा. नंतर शांतपणे म्हणा, "बाळा, हे ओसीडी विचारतंय. आपण दोघं थोडं थांबून बघू." आजी-आजोबा, काका-मावशी सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचे. सराव केल्यावर शाबासकी द्या, आकडा उतरला नसला तरी.

मोबाईलच आजाराच्या हाती जाऊ नये

ओसीडी हुशार असतो, फोनही वापरून घेतो. मूल कुलपाचा फोटो काढून वर्गात पुन्हा पुन्हा बघते. कामावर गेलेल्या आईला वीस फोन करते, "तू बरी आहेस ना?" रात्री इंटरनेटवर आजारांची नावे शोधते. ही सगळी कडी तपासण्याचीच नवी रूपे आहेत. असे दिसले की थेरपिस्टला सांगा आणि तेही शिडीवर घ्या. आकडे नोंदवणेही अगदी अचूकच हवे असे होऊ लागले, तर नोंद थांबवा.

मुलाचा हात धुतानाचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायला हरकत नाही, पण मुलाला विचारूनच काढा. तो नातेवाइकांच्या किंवा वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. सात दिवसांत बरे करतो म्हणून पैसे मागणाऱ्या ॲपपासून दूर राहा.

कुठे जायचे?

सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. कुठे जावे कळत नसेल तर टेलि-मानसचा 14416 क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

गोळी सुरू झाली तर गुण यायला काही आठवडे लागतात. मनाने बंद करू नका. सुरुवातीच्या दिवसांत मूल फार अस्वस्थ झाले तर लगेच डॉक्टरांना कळवा. लक्षणे एक-दोन दिवसांत एकाएकी उसळली किंवा मुलाने खाणे-पिणे सोडले, तर थांबू नका. ते जीव द्यायचे किंवा स्वतःला इजा करायचे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच वेळी रुग्णालय गाठा.

पहिल्या भेटीला जाण्याआधी आठवडाभर फोनमध्ये किंवा वहीत एवढेच टिपा: मूल कोणती कृती करते, दिवसात किती वेळा, किती वेळ, आणि त्या वेळी घरातले काय करतात. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना वेळ कमी असतो. ही नोंद समोर ठेवली की बोलणे थेट मुद्द्यावर येते. वर्गशिक्षकांनाही आजाराचे नाव सांगा, म्हणजे पान फाटले म्हणून मुलाला मार बसणार नाही.