सदातुरांच्या यादीत आणखी एक नाव

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात 'सदातुर', म्हणजे नित्य आजारी राहणारे, असे चार वर्ग सांगितले आहेत : श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि पण्यजीवी. व्यवसाय परस्परांहून इतके भिन्न की त्यांना एका पंक्तीत बसविण्याचे धाडस आचार्यांनीच करावे. कारण मात्र एकच. या चौघांची दिनचर्या त्यांच्या देहाच्या स्वाधीन नसते. ती कर्मानुष्ठान, राजाची मर्जी, ग्राहकाचे मन किंवा दुकानाची गादी यांच्या स्वाधीन असते. त्यामुळे आलेले वेग धरले जातात आणि काळी भोजन होत नाही. याच ठिकाणी पुढे असेही म्हटले आहे की या रीतीने वागणारे अन्यही जे कोणी असतील, तेही सदातुरच होतात. पदवी परीक्षेसाठी चार नावे आपण सर्वांनी पाठ केली. 'अन्यही' या शब्दापाशी मात्र मी वीस वर्षांच्या व्यवसायात कधी थांबले नव्हते. एका रुग्णेमुळे थांबावे लागले.

स्त्री, वय ४३, व्यवसाय अंगणवाडी सेविका, सेवा १९ वर्षे. अंगमर्द, शिरोगौरव, दुपारनंतर भ्रम, मलबद्धता, खंडित निद्रा, मधूनच हृदयात धडधड आणि 'चिडचिड फार होते' ही तक्रार. रक्तदाब व थायरॉईड प्राकृत, रक्ताल्पता सौम्य. व्यवसाय ऐकताच माझ्या मनात 'मानसिक ताण' हे निदान तयार झाले आणि लेखणीही त्याच वाटेने गेली : ब्राह्मी वटी, अश्वगंधा चूर्ण दुधातून, सारस्वतारिष्ट, शिवाय 'मन शांत ठेवा' हा उपदेश. दोन महिन्यांत उपशय अल्प, तोही टिकेना. हा उपदेश लिहून देण्यास वैद्याचे काहीच खर्च होत नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या महिन्यात ती औषधासाठी आली नव्हती. बराच वेळ पदराचे टोक चाळवीत बसली आणि म्हणाली, "मॅडम, काल मी एका पोराला मारलं. चार वर्षांचं आहे. खिचडी सांडली त्यानं, एवढंच. माझं मलाच कळलं नाही हात कधी उठला ते." एकोणीस वर्षांत असे प्रथमच घडले होते. त्या रात्री तिला झोप आली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मी तिच्या वाडीवर गेले. निमित्त आरोग्यविषयक व्याख्यानाचे होते. व्याख्यान दहा मिनिटांत आटोपले आणि उरलेले चार तास मी कोपऱ्यात बसून पाहत राहिले.

खोली एकच. पटावर ३१ बालके, उपस्थित २२. मदतनीस मुलांना घरोघरी जाऊन आणते, मग चुलीपाशी गुंतते. त्या वेळात सेविका एकटीच असते. एकाचे नाक पुसायचे, दुसऱ्याची चड्डी बदलायची, तिसरे उंबऱ्यापलीकडे धावते, आणि त्यातच गाणे चालू ठेवायचे. वजन-उंचीच्या नोंदी, गरोदर मातांच्या भेटी, घरपोच शिध्याचे वाटप हे सारे त्याच दिवसात बसवायचे. २०२१ पासून नोंदी 'पोषण ट्रॅकर'मध्ये भराव्या लागतात. जुलै २०२५ पासून घरपोच शिधा देताना लाभार्थ्याचा चेहराही मोबाईलवर पडताळावा लागतो. वाडीवर संपर्कलहरी मिळत नसल्याने ही बाई टेकाडावर चढून माहिती पाठविते आणि राहिलेली रात्री घरी जागून भरते.

शौचालय बांधलेले आहे. त्यात पाणी नाही आणि आत सरपण रचलेले आहे. जवळचे वापरण्याजोगे शौचालय प्राथमिक शाळेत, दोनशे पावलांवर. बावीस मुले एकटी टाकून जाणार कोण? म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. पहाटे सहाला कोरा चहा, त्यानंतर घास पोटात जातो तो अडीच वाजता. समोर खिचडीचे पातेले असते, पण "ते लेकरांच्या वाटचं" म्हणून तिला हात लावायचा नाही. तीव्र कुपोषित म्हणून नोंद झालेली एक मुलगी आदल्या आठवड्यात आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून गेली होती. तिच्याविषयी बोलताना बाईंचे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी त्यांनी वळून टाळ्या वाजवीत नवे गाणे सुरू केले. मुलांसमोर रडायचे नसते.

सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अधारणीय वेग तेरा सांगितले आहेत. पाहण्या-विचारण्यातून मला त्यांतील आठ या एका स्त्रीमध्ये नित्य धरलेले आढळले : मूत्र, पुरीष, क्षुधा, तृष्णा, जृंभा, निद्रा, अश्रू आणि श्रमश्वास. आता लक्षणे जुळवून पाहावीत. क्षुधावेग धरल्याने दौर्बल्य, अंगमर्द, अरुची व भ्रम. निद्रावेग धरल्याने अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग. अश्रुवेग धरल्याने हृद्रोग, अरुची, भ्रम. श्रमश्वास धरल्याने हृद्रोग व संमोह. तिने सांगितलेल्या बहुतेक तक्रारी या यादीत होत्या, आणि मी मात्र ब्राह्मीकडे वळले होते. 'मूत्रप्रवृत्ती कशी?' असे मी पहिल्याच दिवशी विचारले होते. 'ठीक' हे उत्तर लिहूनही घेतले होते. 'सकाळपासून दुपारपर्यंत किती वेळा जाता?' असे विचारले असते, तर दोन महिने वाया गेले नसते. (आपल्या चिकित्सालयात दुपारचे तीन वाजेपर्यंत आसन न सोडणाऱ्या वैद्यभगिनींनी हा प्रश्न स्वतःलाही विचारावा.)

त्याच अध्यायात दुसरी यादी आहे : लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या इत्यादी वेग धारण करावेत. वाणीचे परुष, अकाली आणि अतिमात्र बोलणेही धरावे असे सांगितले आहे. लहान मुलांच्या संगोपनाचे काम करणाऱ्यांकडून जग याच दुसऱ्या यादीची अपेक्षा करते, आणि ती रास्तही आहे. परंतु पहिली यादी दिवसभर धरून ठेवणाऱ्याला सायंकाळी दुसरी धरवत नाही. जे सोडायचे ते धरले जाते, म्हणून जे धरायचे ते सुटते. हे माझे अनुमान आहे, ग्रंथवचन नव्हे. मात्र त्या खिचडीच्या दिवशी ती सकाळपासून उपाशी होती आणि दुपारी एकपर्यंत एकदाही लघवीस गेली नव्हती, हे तिने नंतर सांगितले.

बालकाच्या दृष्टीने हा विषय किती गंभीर आहे, हे प्राचीनांनी जाणले होते. क्रोध, शोक व अवात्सल्य यांमुळे स्तन्यनाश होतो, असे सुश्रुत सांगतात. मूल रडते किंवा जेवत नाही म्हणून राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्यास भिववू नये, असा स्पष्ट निषेध चरकाच्या शारीरस्थानात आहे. थकलेली बाई प्रथम बागुलबुवालाच हाक मारते, हे कोणत्याही अंगणवाडीत वा पाळणाघरात दिसेल. त्याच शारीरस्थानात कुमारागाराचे वर्णन करताना पाणी, मलमूत्रविसर्जनाचे स्थान, स्नानभूमी व पाकगृह यांची सुयोग्य मांडणी सांगितली आहे. बालकाच्या खोलीची योजना करताना आचार्यांना जे सुचले, ते आमच्या वाडीवर सरपणाखाली दबले आहे.

चिकित्सेचा क्रम बदलला. प्रथम निदानपरिवर्जन. सकाळी नऊच्या आत नाचणीची आंबील किंवा दूध-भाकरी, वर चमचाभर तूप. मदतनीस मुले घेऊन परतली की दहा मिनिटे सेविकेची, पुढे दहा मिनिटे मदतनिसाची, अशी वाटणी दोघींनी आपसांत केली. अंगणवाडीलगतच्या घरातील आजींनी आपले शौचालय मोकळे करून दिले. मला जे सुचले नव्हते ते त्यांना सुचले. औषधांपैकी अश्वगंधा ठेवली, बाकी थांबविली. वेगधारणाने कुपित झालेल्या वातासाठी सदातुरांना फलवर्ती व बस्ती सांगितले आहेत. मी तिळतैलाची मात्राबस्ती, ६० मिली, सायंकाळी भोजनोत्तर आठ दिवस दिली. कर्म, भार व मार्गक्रमण यांनी कृश झालेल्यांना ती विहित आहे आणि तीत परिहाराचे जाचक नियम नाहीत. कामावरची बाई पंचकर्मासाठी रजा काढू शकत नाही, याचा विचार आपल्याआधी ग्रंथकारांनी केला होता. रात्री काशाच्या वाटीने पादाभ्यंग, तोही तिच्या मुलीच्या हातून.

सत्त्वावजय सर्वांत शेवटी आणि अगदी थोडा. क्रोध उसळला की मूल मदतनिसाच्या हाती द्यायचे, दारापर्यंत जायचे, घोटभर पाणी प्यायचे. अश्रुवेगाच्या चिकित्सेत आचार्यांनी निद्रेबरोबर 'प्रिय कथा' सांगितल्या आहेत, म्हणजे आवडत्या माणसांशी मनमोकळे बोलणे. सेविकांच्या मासिक बैठकीत नोंदवह्या तपासून झाल्यावर अर्धा तास नुसते बोलण्यासाठी राखून ठेवावा, ही सूचना मी पर्यवेक्षिकेकडे केली. ती तीन महिने पाळली गेली, पुढे बंद पडली. निद्रानाश व खिन्नता आठवडेच्या आठवडे टिकल्यास, किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा आल्यास, मानसोपचारतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे. तेथे बस्तीचा आग्रह धरू नये.

औषधाने भागणार नाही असा भागही पुष्कळ आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडला हे काम रुजविले, तेव्हा मुलांच्या दाराशी, त्यांच्या अंगणात शिक्षण न्यावे ही कल्पना होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि त्या अंगणात पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा अशी कामे येत गेली. हात मात्र दोघींचेच राहिले. सेविका शासकीय पद धारण करीत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये दिला. २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने त्यांचा उपदानाचा हक्क मान्य केला. आज त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन. राजसेवकाचे रोग वाट्यास आले, राजसेवकाचे पद नाही.

सहाव्या महिन्यात मलप्रवृत्ती नियमित होती, भ्रम नाहीसा झाला होता, धडधड क्वचित उरली होती. निद्रा अजून पूर्ण नाही, कारण रात्रीच्या नोंदी तशाच आहेत. ज्या मुलाला मार बसला होता तो आता पहिलीत आहे. शाळेतून घरी जाताना तो अंगणवाडीच्या दाराशी रोज थांबतो, असे बाईंनी सांगितले. शौचालयातील सरपण ग्रामपंचायतीने उचलले आहे. पाण्याची जोडणी झालेली नाही.