सरकत्या नळीचा बंदोबस्त

लग्नाच्या वरातीत अथवा पोलीस बँडच्या संचलनात जो मंद्र स्वर इतर सर्व वाद्यांना खालून आधार देत असतो, तो युफोनियम, ट्यूबा अथवा सूसाफोन यांच्या वेटोळ्यांत गुंडाळलेल्या लांबलचक नळीतून येतो. आणि ही नळी सलग एकसंध नसून तिचे काही भाग एकमेकांत सरकणारे असतात, ही गोष्ट श्रोत्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. बी-फ्लॅट युफोनियमची नळी, एकही व्हॉल्व्ह न दाबता, सुमारे ९ फूट भरते आणि मोठ्या बी-फ्लॅट ट्यूबाची तिच्या दुप्पट, म्हणजे १८ फुटांच्या आसपास. एवढ्या लांबीच्या वाद्याचा सूर जुळवण्याचा सारा कारभार ज्या यू-आकाराच्या सरकत्या नळ्यांवर, म्हणजे वादकांच्या भाषेत ‘स्लाईड’वर, सोपवलेला असतो, त्या ढिल्या झाल्या की वादकाची मेहनत आणि कान दोन्ही व्यर्थ जातात. युफोनियमची मुख्य स्लाईड वाजवता वाजवता एक इंच खाली घसरली तर, तिला दोन पाय असल्यामुळे, नळीची लांबी दोन इंचांनी वाढते आणि सूर तीस सेंटांहून अधिक, म्हणजे अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने, उतरतो. मंद्र स्वर बेसूर झाला तर त्यावर उभ्या असलेल्या क्लॅरिनेट-ट्रम्पेटांनी कितीही नेटाने वाजवले तरी बँडचा ताळमेळ बसत नाही. म्हणूनच या दुय्यम समजल्या जाणाऱ्या विषयाचा सविस्तर विचार करणे मला अगत्याचे वाटते.

व्हॉल्व्हची कल्पना जर्मनीतली. हाइनरिख श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिख ब्ल्यूमेल यांना प्रशियाच्या सरकारकडून १८१८ साली तिची सनद मिळाली, आणि पुढे १८३५ च्या सप्टेंबरात प्रशियाच्या लष्करी संगीताचे धुरीण विल्हेल्म वीप्रेख्ट व वाद्यकार योहान गॉटफ्रीड मोरित्स यांनी बर्लिनमध्ये बास-ट्यूबाची सनद घेतली. व्हॉल्व्ह दाबला म्हणजे हवेच्या मार्गात एक जादा नळी जोडली जाते: दुसऱ्या व्हॉल्व्हने स्वर एका अर्धस्वराने उतरतो, पहिल्याने दोन आणि तिसऱ्याने तीन अर्धस्वरांनी. परंतु या व्यवस्थेत एक जन्मजात तूट आहे. मूळ नळीच्या मानाने दुसऱ्या व्हॉल्व्हची नळी सुमारे ५.९ टक्के, पहिल्याची १२.२ टक्के आणि तिसऱ्याची १८.९ टक्के लांब असते. तिन्ही एकदम दाबल्यास मिळून ३७ टक्के भरतात, आणि सहा अर्धस्वर उतरण्यासाठी तर ४१.४ टक्के लांबी हवी. ही ४ टक्क्यांहून अधिक तफावत १८ फुटांच्या ट्यूबावर नऊ इंचांच्या वर जाते आणि स्वर अर्ध्या अर्धस्वराने चढा लागतो. लंडनच्या बूझी कंपनीतील डेव्हिड जेम्स ब्लेक्ली यांनी १८७४ साली ही तूट आपोआप भरून काढणारी नळ्यांची योजना सिद्ध केली खरी, तथापि साध्या तीन व्हॉल्व्हच्या वाद्यावर ती तूट वादकाने स्लाईड ओढूनच भरावी लागते. यात ऋतुमानाची भर पडते ती निराळी: वाद्यातील हवा १० अंश सेल्सिअसने तापली तर सूर सुमारे ३० सेंट चढतो, म्हणून वातानुकूलित सभागृहात जुळवलेली स्लाईड वैशाखातल्या उघड्या मैदानावर पुन्हा ओढावी लागते.

तात्पर्य, स्लाईडकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात: हाताने हलवली की तिने सहज हलले पाहिजे, आणि हात काढला की जागच्या जागी थांबले पाहिजे. ढिलेपणावर जे इलाज सांगितले जातात त्यांपैकी बहुतेक दुसरी अपेक्षा पुरी करताना पहिलीचा बळी देतात, आणि अडकून बसलेली स्लाईड हे ढिल्या स्लाईडपेक्षा मोठे संकट आहे, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो.

आतली नळी बहुधा जर्मन सिल्व्हरची आणि बाहेरची पितळेची असते; दोहोंमधील अंतर मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकेच असते आणि ते वंगणाच्या थराने भरून निघते. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने धातू झिजतो, परंतु त्याहून अधिक झीज स्वच्छतेच्या अतिउत्साहाने होते. वाद्य झळकले पाहिजे या हौसेने स्लाईडचे पायही खरखरीत भुकटीने घासले जातात, आणि दर वेळी अंतर थोडेथोडे वाढत जाते. वाद्याचे बाह्यांग उजळावे, पण एकमेकांत सरकणारे पृष्ठभाग नुसते मऊ फडक्याने पुसावेत. जुन्या ब्रिटिश वाद्यांत आणखी एक कारण संभवते. ती ४५२ हर्ट्झच्या आसपासच्या चढ्या पट्टीत बांधलेली असत. तसले युफोनियम आजच्या ४४० च्या पट्टीत आणायचे तर मुख्य स्लाईड सुमारे दीड इंच बाहेर ठेवावी लागते, आणि जितका भाग बाहेर तितकी आतली पकड कमी.

मात्र स्लाईड थांबत नाही म्हणजे ती झिजलीच, असा निष्कर्ष घाईने काढू नये. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाईड आत ढकलली तर कोंडलेली हवा दबते आणि स्लाईडला पुन्हा बाहेर सारते. हा दोष नसून उलट नळी हवाबंद असल्याचा पुरावा आहे, आणि व्हॉल्व्ह दाबून स्लाईड बसवली की तक्रार मिटते. याच गुणधर्मावरून परीक्षाही घेता येते: व्हॉल्व्ह मोकळा ठेवून स्लाईड पूर्ण बाहेर काढताना ‘पट्’ असा स्पष्ट आवाज आला तर बसवणूक चांगली, आणि काहीच आवाज न होता ती सुटून आली तर हवा कोठूनतरी गळत आहे. ज्या स्लाईडला हवा सोडण्यासाठी मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेले असते तिला ही परीक्षा अर्थातच लागू नाही. स्लाईडची दिशाही पाहावी. वळण वरच्या बाजूस असलेली स्लाईड ढिली असली तरी स्वतःच्या वजनानेच आत बसून राहते. वळण खाली असलेली मात्र चालताना बसणाऱ्या हादऱ्यांनी घसरत जाते.

झीज थोडी असेल तर दाट वंगणाने काम भागते. लोकरीपासून मिळणारे निर्जल लॅनोलिन या कामी उत्तम, कारण ते चिकट असूनही सुकून घट्ट होत नाही. व्हॅसलिन त्यामानाने पातळ आणि उन्हात वाहून जाणारे. लॅनोलिनसुद्धा ४० अंशांच्या आसपास पातळ होते, आणि भर दुपारी उन्हात धरलेले पितळ त्याहून बरेच तापते; अशा वेळी लॅनोलिनमध्ये थोडे मधमाशांचे मेण वितळवून मिसळल्यास, मेण साठ अंशांच्या वर वितळत असल्यामुळे, थर टिकून राहतो. संचलनापुरती मुख्य स्लाईड बांधून ठेवायची तर तिच्या आडव्या दांडीपासून वाद्याच्या पक्क्या भागापर्यंत सुती फीत अथवा चामड्याचा पट्टा घ्यावा. रबरी पट्ट्यातील गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडतो, म्हणून रबर टाळणेच इष्ट. दोरा अथवा कागद गुंडाळून स्लाईड कोंबणे, किंवा तिचे पाय फाकवून ती एका अंगाने घासत राहील असे करणे, हे उपाय सर्रास केले जात असले तरी ते त्याज्य मानले पाहिजेत: फाकवलेला पाय एकाच बाजूस झिजून नळी लंबगोल होते, हवा गळते, आणि डाख दिलेल्या सांध्यांवर अकारण ताण येतो.

खरी दुरुस्ती कारागिराची. बँडच्या वाद्यांच्या कारागिरीसाठी देशभर ख्यातनाम असलेल्या मेरठच्या जाली कोठीत, जिथे नादिर अली कंपनी १८८५ पासून उभी आहे, काय किंवा अन्यत्र काय, कारागीर जाणता असेल तर प्रथम दोन्ही पाय समांतर आहेत की नाहीत आणि नळ्या गोल आहेत की नाहीत हे पाहील. वाकड्या पायांची स्लाईड झिजलेली असूनही घट्ट लागते, आणि ती सरळ केली की खरा ढिलेपणा उघड होतो. त्यानंतर आतल्या नळीत रूळांचे विस्तारक हत्यार घालून ती सर्व बाजूंनी केसभर फुगवली जाते. नुसते टोक फुगवणे सोपे, पण त्याने स्लाईड एका अरुंद कड्यावर टेकते आणि डुगडुगते; सरकणारी सारी लांबी सारखी फुगवली तरच हवा अडते आणि हालचाल सरळ होते. झीज याहून जास्त असेल तर आतल्या नळीवर निकेलचा विद्युत-मुलामा चढवावा लागतो, आणि धातू फारच पातळ झाला असेल तर नवी नळी बसवण्यावाचून गत्यंतर नाही.

नवी बसवणूक शेवटी बारीक घासणीच्या लगद्याने आणि तेलाने एकमेकींत फिरवून जुळवतात. वाद्य कारागिराकडून परत आले की वंगण लावण्यापूर्वी त्या स्लाईडच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्या कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, पांढरे फडके आत फिरवून, त्यावर करडा डाग उमटत नाही याची खात्री वादकाने स्वतः करून घ्यावी. कारण घासणीचा जो अंश आत राहतो तो वंगणात मिसळून त्याच दिवसापासून पुन्हा झीज सुरू करतो.