सदोष नाण्यांची पारख

इ. स. १९४७ मधील गोष्ट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पिट्सफील्ड नावाचे शहर आहे. तेथील एका विद्यार्थ्यास शाळेच्या उपाहारगृहात सुट्ट्या पैशांबरोबर एक सेंट परत मिळाला. नाणे तांबूस होते व त्यावर १९४३ हे साल होते. एरवी सेंट तांबूसच असावयाचा. मग यात नवल ते कोणते? नवल होते ते सालात. दुसऱ्या महायुद्धात युद्धसाहित्यासाठी तांब्याची निकड भासू लागली, म्हणून १९४३ या एका वर्षी अमेरिकेने आपले सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले होते. ते दिसावयास करडे होते. मुलाने सरकारी अर्थखात्याकडे विचारणा केली, तेव्हा त्या सालचे सर्व सेंट पोलादाचेच आहेत, असे उत्तर त्याला मिळाले. तरीही त्याने ते नाणे जपून ठेवले.

नाणे खरे होते. आदल्या वर्षीच्या काही तांबूस चकत्या टांकसाळीतील पेट्यांच्या फटींत अडकून राहिल्या असाव्यात आणि पुढे पोलादी चकत्यांबरोबर यंत्रात गेल्या असाव्यात, असे मानले जाते.

अशा नाण्यांना सदोष नाणी म्हणतात. परंतु प्रत्येक विचित्र दिसणारे नाणे सदोष नसते. टांकसाळीत झालेली चूक निराळी आणि टांकसाळीबाहेर नाण्याची झालेली नासधूस निराळी. पहिलीला संग्राहक मोल देतात. दुसरीला कवडीचेही मोल नाही. हा भेद ओळखावयाचा, तर नाणे कसे घडते हे आधी पाहिले पाहिजे.

धातूच्या लांब पट्टीतून यंत्र गोल चकत्या कापून काढते. या चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात आणि त्यांची कड सर्व बाजूंनी दाबून किंचित उचलून घेतात. नंतर एकेक चकती वरच्या व खालच्या ठशांमध्ये येते. तिच्याभोवती एक पोलादी कडे असते. ठसे प्रचंड दाबाने मिटले, की धातू ठशांच्या खोलगट भागांत शिरतो, कड्यापर्यंत पसरतो आणि नाणे तयार होते. यांपैकी कोणत्याही पायरीवर चूक होऊ शकते व प्रत्येक चूक आपली खूण मागे ठेवते.

पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणारे यंत्र आधीच्या भोकावरच अंशतः पडते आणि चकतीचा चंद्रकोरीएवढा भाग गळून जातो. असे नाणे कानशीने घासून कोणीही बनवू शकेल, असे तुम्हांस वाटेल. पण खऱ्या नाण्यात आणखी एक गंमत असते. कड उचलण्यासाठी चकती दोन्ही बाजूंनी दाबली जात असता तुटका भाग एका बाजूस आला, की समोरच्या बाजूसही पुरेसा दाब मिळत नाही. म्हणून कोरीच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट राहते. कानस चालविणाऱ्या लबाडाला हे सहसा ठाऊक नसते!

ठशाचे दोष ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. ठशात जे खोल असते, ते नाण्यावर उंच उठते. ठशाला तडा गेला, तर त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. उलट, नाण्यावरची रेघ खोलगट असेल, तर ती बहुधा चकती किंवा नाणे खरवडल्यामुळे पडलेली असते. नखाने चाचपून पाहिले तरी हा फरक समजतो.

कधी कधी तयार नाणे ठशालाच चिकटून बसते. मग पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचीच छाप पडते व तिच्या एका बाजूस तीच आकृती उलटी आणि खोलगट उमटते. आपल्याकडील नाण्यांचे व्यापारी अशा नाण्यास ‘लाखी’ म्हणतात. दोन्ही बाजूंस एकच मुद्रा असलेल्या नाण्याची गोष्ट मात्र वेगळी. ‘शोले’ या १९७५ च्या चित्रपटातील जयजवळ असते तशी नाणी बहुधा कारखान्यात दोन नाणी कोरून, एकात एक बसवून केलेली असतात. भिंगाखाली कडेच्या आतल्या अंगास सांधा दिसतो.

पुष्कळ लोक सालाखालील बारीक खुणेलाही दोष समजतात. हा निव्वळ गैरसमज होय. पत्त्यांतील चौकटीसारखी खूण मुंबईच्या टांकसाळीची, तारा हैदराबादचा आणि ठिपका नॉयडाचा. खूणच नसली, तर नाणे कोलकात्याचे समजावे.

आता मोलाचा विचार करू. १९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक ठसा तयार करताना त्यावर आकृती दोनदा, किंचित फिरून दाबली गेली. त्यामुळे त्याच्या सेंटांवरील अक्षरे व साल दुहेरी उमटले. चूक लक्षात आली, पण तोवर ती नाणी इतर नाण्यांत मिसळून गेली होती. अशी वीस हजारांहून अधिक नाणी बाहेर पडली, असा अंदाज आहे. इंग्लंडमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्यावरील सालाची जागा मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूवर नेण्यात आली. त्या घोटाळ्यात जुना पुढचा व नवा मागचा ठसा एकत्र आले आणि साल नसलेली नाणी निघाली. ती निदान पन्नास हजार तरी असावीत. १९४३ चे तांबूस सेंट मात्र सुमारे चाळीसच असावेत. म्हणूनच बिनसालाच्या वीस पेन्सांपेक्षा १९५५ चा सेंट कितीतरी महाग आणि १९४३ चा त्याहूनही महाग. पिट्सफील्डच्या त्या मुलाचे नाणे जानेवारी २०१९ मध्ये लिलावात २,०४,००० डॉलरांस, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळजवळ दीड कोटी रुपयांस विकले गेले.

मोल आले, की लबाडीही आली. पोलादी सेंटांवर तांब्याचा मुलामा देऊन पुष्कळांनी लोकांना फसविले. येथे लोहचुंबक कामास येतो; नाणे त्यास चिकटले, की आतले पोलाद उघडे पडते. काहींनी १९४८ च्या सेंटातील आठाचा आकडा खरवडून त्याचा तीन केला. त्यास चुंबक काही करू शकत नाही. तेथे भिंगाने आकड्याचे वळण पाहावे लागते.

आपल्याकडे निराळीच युक्ती चालते. तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, त्याआधी एवढे शुल्क भरा, असे सांगून पैसे उकळतात व त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नावही वापरतात. आपण असे व्यवहार करीत नाही आणि असे शुल्क घेण्याचा अधिकार कोणासही दिलेला नाही, असे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावे लागले. जो खरोखर विकत घेणार, तो पैसे देतो. आधी मागत नाही.

एखादे नाणे संशयास्पद वाटले, तर ते कडेने धरावे, बारीक काट्यावर तोलावे आणि त्याच सालच्या चांगल्या नाण्याशेजारी ठेवून पाहावे. चिंच किंवा राख लावून ते घासू मात्र नये. दाबाखाली धातू पसरताना पृष्ठभागावर ज्या सूक्ष्म रेषा उमटतात, त्या घासण्याने नाहीशा होतात. आणि जाणकार नाण्याचा खरेपणा ठरविताना त्यांकडेही पाहतात.