शोधनिबंधाच्या मौखिक मांडणीचा क्रम

संशोधन ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने ते सांगावे, असा समज चर्चासत्रांतून वारंवार आढळतो. वक्ता विषयाची निवड, पूर्वसूरींचे ग्रंथ व सामग्रीचे संकलन यांचा वृत्तांत सांगत राहतो आणि निष्कर्षाच्या वाट्यास अखेरची दोन मिनिटे येतात. वाचकास मागील पान पुन्हा पाहता येते. श्रोत्यास ती सोय नसते. म्हणून पुढील विवेचन कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे त्यास प्रारंभीच कळले पाहिजे.

या दृष्टीने मीमांसाशास्त्रातील अधिकरणाची रचना आजही उपयुक्त ठरते. विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व निर्णय ही तिची पाच अंगे होत. लंडनमधील १८५४ च्या पटकीच्या साथीसंबंधी डॉ. जॉन स्नो यांनी केलेले संशोधन या क्रमाने मांडून पाहता येईल.

ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरातील मृत्यू हा विषय. रोग हवेतून पसरला की पाण्यातून, हा संशय. दूषित हवा हेच कारण, हे तत्कालीन बहुमान्य मत म्हणजे पूर्वपक्ष. तेथील सार्वजनिक पंपाभोवती मृत्यू अधिक झाले, एवढ्याने तो खंडित होत नाही. कारण त्या रहिवाशांची हवाही एकच होती. उत्तरपक्षाचे खरे बळ अपवादांत आहे. जवळच्याच, परंतु स्वतंत्र विहीर असलेल्या निराधारगृहात ५३५ रहिवाशांपैकी अवघे ५ पटकीने दगावले. उलट, दूर हॅम्पस्टेड येथे राहून ब्रॉड स्ट्रीटचे पाणी मागवून पिणारी एक विधवा मात्र बळी पडली. यावरून रोगाचा संबंध पाण्याशी आहे, हा निर्णय निघतो. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला, तेव्हा साथ ओसरू लागलीच होती. म्हणून साथीचा शेवट हा त्या निर्णयाचा पुरावा मानता येत नाही.

वीस मिनिटांच्या निवेदनात विषय व संशय यांस चार, पूर्वपक्षास चार, उत्तरपक्षास नऊ व निर्णयास तीन मिनिटे द्यावीत. वेळ अपुरा पडल्यास उत्तरपक्षातील उदाहरणे कमी करावीत. पूर्वपक्ष मात्र गाळू नये. प्रतिपक्ष दुर्बळ करून मिळविलेला जय पहिल्याच शंकेपुढे टिकत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण सामर्थ्यानिशी ऐकलेला श्रोताच सिद्धान्ताची योग्य परीक्षा करू शकतो.