३३ सामने, १७९ बळी : पालवणकर बाळूंची कारकीर्द आकड्यांतून कशी वाचायची?

पीएचडीची प्रवेश परीक्षा देणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात एक पक्कं समीकरण असतं : डेटा मिळाला की अर्धं काम झालं. आज या समीकरणाकडे जरा नीट बघू. त्यासाठी मी एका खेळाडूची कारकीर्द निवडली आहे. विषय क्रिकेटचा असला तरी तुमचा विषय समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, अगदी सार्वजनिक आरोग्य असला तरी शेवटपर्यंत वाचा. अडचण सगळीकडे तीच असते.

खेळाडू आहेत पालवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाड. चर्मकार समाजातले, आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. डावखुरे संथ फिरकी गोलंदाज. १९११ साली हिंदुस्थानचा सर्व जाती-धर्मांचा मिळून पहिला संघ इंग्लंडला गेला, त्या संघाचे ते सर्वांत यशस्वी गोलंदाज. भारताला कसोटीचा दर्जा मिळून पहिली कसोटी झाली जून १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. तेव्हा बाळू छपन्न वर्षांचे होते. म्हणजे कसोटीपटूंच्या यादीत शोधलंत तर त्यांचं नाव मिळणारच नाही. तुमची यादी कुठल्या तारखेपासून सुरू होते हे न बघता "यादीत नाही म्हणजे महत्त्वाचा नाही" असं कुणी म्हणालं, तर तो निष्कर्ष खेळाडूबद्दल नसतो. तो यादीबद्दल असतो.

आता आकड्यांकडे येऊ.

एकच दौरा, दोन आकडे

१९११ च्या दौऱ्यात बाळूंनी किती बळी घेतले? एका ठिकाणी ११४ सापडतात, दुसऱ्या ठिकाणी ७५. नवखा संशोधक इथे गडबडतो आणि "साधनांमध्ये मतभेद आहेत" असं लिहून मोकळा होतो. मतभेद वगैरे काही नाही. दौऱ्यात एकूण २३ सामने झाले. त्यांतल्या १४ सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा होता, बाकीच्या ९ ना नव्हता. ७५ बळी प्रथम श्रेणीतले आहेत, ११४ सगळ्या सामन्यांतले. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त दोघांचा छेद वेगळा आहे.

तेव्हा पहिला नियम वहीत लिहून ठेवा : आकडा दिसला की आधी विचारायचं, हा कशापैकी आहे?

सरासरी फोडून बघा

बाळूंची प्रथम श्रेणीतली पूर्ण कारकीर्द अशी : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. सरासरी म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, त्यामुळे जितकी कमी तितकी चांगली. १९११ च्या इंग्लंडमधल्या ७५ बळींची सरासरी आहे २०.१२.

आता कागद घ्या. १७९ गुणिले १५.२१ म्हणजे साधारण २७२३ धावा. त्यातून इंग्लंडमधल्या ७५ गुणिले २०.१२, म्हणजे १५०९ धावा वजा करा. उरल्या १२१४ धावा आणि १०४ बळी. भागाकार केला की येतं साधारण ११.७. म्हणजे मायदेशात एका बळीमागे बारापेक्षा कमी धावा आणि इंग्लंडमध्ये वीस.

इथे मोह होतो. "परदेशात त्यांची गोलंदाजी फिकी पडली" हे वाक्य लगेच सुचतं. पण थांबा. हा फरक कशाकशामुळे पडू शकतो त्याची यादी करा. समोरचे फलंदाज वेगळे : कौंटीचे व्यावसायिक खेळाडू हंगामभर खेळत, इथे मोठी स्पर्धा वर्षातून एकदा. खेळपट्ट्या आणि हवामान वेगळं. तेव्हा बाळूंचं वय पस्तीस. एकाच उन्हाळ्यात सलग सामने. आणि सोबतचा संघ : कर्णधार पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग बहुतेक सामने खेळलेच नाहीत, आणि संघाची निवडही हिंदू, पारशी, मुसलमान असा समतोल साधून झालेली. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत संघ दोनच जिंकला, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्ध. दहा हरला.

यांपैकी नेमकं कुठलं कारण, हे सरासरी सांगू शकत नाही. मग काय करायचं? तुलना बदलायची. "भारतातले बाळू विरुद्ध इंग्लंडमधले बाळू" असं न करता प्रत्येक सामन्याचं धावफलक घ्यायचं आणि त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर, त्याच फलंदाजांपुढे आपल्याच संघातल्या इतर गोलंदाजांनी काय केलं ते बघायचं. परिस्थिती सारखी ठेवली की माणसातला फरक दिसतो. संख्याशास्त्राच्या पेपरात 'नियंत्रण' म्हणून जे शिकवतात ते हेच.

आणखी एक गोष्ट बघा. १७९ पैकी ७५, म्हणजे सुमारे ४२ टक्के बळी एकाच उन्हाळ्यातले. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीला हे विचित्र नाही का? गोलंदाज तोच आहे. मग बाकीची वर्षं एवढी रिकामी का?

नोंद डावीकडून कापलेली आहे

कागदावर बाळूंची कारकीर्द सुरू होते फेब्रुवारी १९०६ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. मुंबईत हिंदू संघ युरोपियनांशी खेळला आणि १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी दोन डावांत मिळून आठ बळी घेतले. वाचणाऱ्याला वाटेल, उशिरा बहरलेला खेळाडू दिसतोय!

पण ते गोलंदाजी करत होते साधारण १८९२ पासून. पुण्यात, युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये, महिना चार रुपयांवर. काम काय? खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची, आणि साहेब लोकांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. पुढे पुण्यातल्या हिंदू क्लबकडून खेळले, प्लेगच्या काळात मुंबईला आले, इथे हिंदू जिमखान्याकडून खेळले. हे सगळं प्रथम श्रेणीच्या रकान्यात शून्य आहे. कारण मुंबईतले मोठे सामने तेव्हा युरोपियन आणि पारशी यांच्यातच होत. हिंदू संघ आला आणि ते तिरंगी झाले १९०७ मध्ये, मुसलमान संघ येऊन चौरंगी झाले १९१२ मध्ये. त्यातही एका संघाच्या वाट्याला वर्षाला जेमतेम एक-दोन सामने.

संशोधनाच्या भाषेत अशी नोंद 'डावीकडून कापलेली' असते. घटना आधीपासून घडत असते, मोजणी नंतर सुरू होते. म्हणून ३३ हा आकडा बाळूंच्या खेळाचा जितका आहे, तितकाच त्यांना मिळालेल्या संधीचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या न काढता काढलेला कुठलाही निष्कर्ष लंगडाच असतो.

फलंदाजीचंही तेच. ७५३ धावा, सरासरी १३.६९. "फलंदाजी बेताची" असं लिहायला हरकत नाही. पण पूना क्लबच्या जाळीत या माणसाने हजारो चेंडू टाकले आणि त्याच्या हातात बॅट काही दिली गेली नाही, हे त्या वाक्याच्या शेजारी लिहिलं नाहीत, तर सराव न मिळाल्याचा परिणाम तुम्ही कुवतीच्या खात्यात टाकलात असं होईल.

जे घडलं नाही तेही वाचायचं

समजा तुम्ही तक्ता केलात आणि त्यात एक रकाना ठेवलात : 'हिंदू संघाचा कर्णधार'. बाळूंपुढे 'नाही' येईल. अनुभव, बळी, ज्येष्ठता, सगळं असूनही 'नाही'. हा 'नाही' तुम्ही कसा समजावून सांगणार?

इथे धावफलक गप्प बसतं. उत्तर मैदानाबाहेर मिळतं. पुण्यात हेच बाळू संघासाठी बळी काढत, आणि चहाच्या वेळी त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचं पानही वेगळं. १९२० मध्ये कर्णधारपद धाकटे भाऊ विठ्ठल यांना न देता दि. ब. देवधरांना दिलं गेलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतलं. पुढे तडजोड झाली : म. द. पै कर्णधार म्हणून परतले, बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने चौरंगी सामने जिंकले.

दोघे भाऊ, एकच घर, एकच जात. एकाला कर्णधारपद नाही, दुसऱ्याला मिळालं. मग जात हे कारण खोडून निघालं का? अजिबात नाही. मधल्या काळात अस्पृश्यतेचा प्रश्न देशाच्या राजकारणात मध्यभागी आला होता आणि भावांनी स्वतः बहिष्काराचं हत्यार उपसलं होतं. काळ बदलला की तुलनेचा पायाही बदलतो, एवढं ध्यानात असू द्या.

दंतकथेचं काय करायचं?

एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पूना क्लबचे कॅप्टन ग्रेग सरावात बाळूंनी त्यांना बाद केलं की दर वेळी आठ आणे देत. खरी की खोटी? धावफलकात सरावाची नोंद नसते, त्यामुळे तिथे पडताळणी होणार नाही. म्हणून गोष्ट फेकून द्यायची का? नको. हिशोब करून बघा : चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. आठ वेळा साहेबाला बाद केलं की महिन्याचा पगार निघाला! ही गोष्ट का टिकली ते या हिशोबात दिसतं. जिथे हुद्दा आणि जात दोन्ही विरोधात, तिथे चेंडूला भाव होता. असं साधन 'काय घडलं' यासाठी जपून वापरा, 'लोकांनी ते कसं लक्षात ठेवलं' यासाठी मोकळेपणाने वापरा. विठ्ठल पालवणकरांचं १९४८ चं 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्रही असंच वाचायचं : घरातल्या माणसाची साक्ष म्हणून.

कारकीर्द कुठे संपते?

प्रथम श्रेणीच्या हिशोबाने १९२०-२१ मध्ये. पण हा लेख मी शिवडीत बसून लिहितोय, आणि इथून बाळूंचा शेवट वेगळाच दिसतो. शेजारच्या परळला बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर बरीच वर्षं राहिले. तरुण आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता. १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. त्या करारावर आंबेडकरांची सही आहे आणि बाळूंचीही. १९३७ मध्ये भायखळा-परळ मतदारसंघात हेच दोघे समोरासमोर उभे राहिले. बाळू काँग्रेसचे उमेदवार. निकाल : आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५.

या एका आकड्यामुळे बाळूंचं नाव पुढच्या पिढ्यांत अवघडल्यासारखं झालं. एका बाजूला 'बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिलेला', दुसऱ्या बाजूला 'पहिला दलित क्रिकेटवीर'. दोन्ही लेबलं शेवटाकडून सुरुवातीकडे वाचून लावलेली आहेत. १९०६ मध्ये चेंडू टाकणाऱ्या माणसाला १९३७ ठाऊक नव्हतं. त्यांचं निधन १९५५ साली मुंबईत झालं. त्या आयुष्याचा प्रत्येक टप्पा त्या वेळी समोर असलेल्या पर्यायांवर तपासायचा, हे संशोधकाचं काम. निवाडा देण्याची घाई नको.

तुमच्यासाठी गृहपाठ

लालबाग-परळ-शिवडी पट्ट्यात गिरण्यांच्या संघांकडून कबड्डी खेळलेली पिढी होती. तुमच्या भागातला असा एखादा जुना खेळाडू निवडा, खेळ कुठलाही चालेल, आणि एका पानावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. त्याच्या कामगिरीचे आकडे कशापैकी आहेत?
२. मोजणी सुरू होण्याआधी तो किती वर्षं खेळत होता?
३. त्याला काय मिळालं नाही, आणि ते का मिळालं नाही याचा पुरावा कुठल्या प्रकारच्या कागदात सापडेल?
४. शेवट माहीत असल्यामुळे तुम्ही सुरुवातीबद्दल काय गृहीत धरताय?

सिनॉप्सिस लिहिताना खेळाडूच्या जागी गाव, आजार, योजना, शाळा काहीही ठेवा, हे चार प्रश्न तसेच चालतात. तिसरा सगळ्यांत अवघड आहे, आणि व्हायवाला बहुधा तोच विचारतात.