एल्व्हा नदी : पुनरुज्जीवन आणि मौखिक स्मृती

अमेरिकेच्या वायव्य टोकाशी, वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिक पर्वतात एल्व्हा नदीचा उगम होतो. सुमारे ७२ किलोमीटर लांबीची ही नदी अरुंद घळींतून उत्तरेकडे वाहत हुआन दे फुका सामुद्रधुनीला मिळते. तिच्या पाणलोटाचा बहुतांश भाग १९३८ साली स्थापन झालेल्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात मोडतो.

वीजनिर्मितीसाठी या नदीवर दोन धरणे बांधली गेली : मुखापासून सुमारे ८ किलोमीटरवर एल्व्हा धरण (१९१३) आणि वरच्या अंगाला ६४ मीटर उंचीचे ग्लाइन्स कॅन्यन धरण (१९२७). दोहोंतही माशांसाठी वाट नव्हती. त्यामुळे समुद्रातून अंडी घालण्यासाठी परतणारे सामन मासे मुखाजवळच्या पट्ट्यातच अडून राहिले. गाळ जलाशयांत साचला आणि मुखाशी किनारा झिजू लागला. ही हानी केवळ जैविक नव्हती. नदीकाठच्या क्लॅलम लोकांच्या कथेत मानवाच्या निर्मितीचे म्हणून सांगितले जाणारे स्थळ जलाशयाखाली गेले. कथा मात्र सांगितली जात राहिली.

१९९२ च्या कायद्याने नदीच्या पुनरुज्जीवनाचा मार्ग खुला झाला. सप्टेंबर २०११ ते ऑगस्ट २०१४ या काळात दोन्ही धरणे टप्प्याटप्प्याने हटवण्यात आली. जलाशयांत सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ होता. तो एकदम सुटू नये, हा या सावधगिरीमागील हेतू. त्यातील मोठा भाग वाहून मुखाशी नवा त्रिभुज प्रदेश वाढला. उघड्या पडलेल्या तळांवर स्थानिक वनस्पती लावण्यात आल्या. सामन पुन्हा वरच्या खोऱ्यात पोहोचले आणि २०२३ साली क्लॅलम लोकांना मर्यादित मासेमारी करता आली.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना २०१२ मधील आहे. पाणी ओसरल्यावर कथेतील खडक पुन्हा दिसला. त्याच वर्षी टिमोथी मॉन्टलर यांचा क्लॅलम शब्दकोश प्रसिद्ध झाला. २०१४ च्या फेब्रुवारीत क्लॅलम ही जन्मभाषा असलेल्या अखेरच्या व्यक्ती, हेझल सॅम्पसन, निवर्तल्या. म्हणजे नदी मोकळी होत असतानाच तिला जन्मभाषेतून हाक मारणारा आवाज थांबला. आता ही भाषा शिकून आत्मसात करावी लागते.

खडक दिसल्याने कथा 'खरी' ठरली, असे म्हणणे उथळपणाचे होईल. कथेचे सत्य अशा पुराव्यावर अवलंबून नव्हते. परंतु जवळजवळ शतकभर जे स्थळ पाण्याखाली होते, ते मौखिक परंपरेने जपले, एवढे निश्चित. पुनरुज्जीवन म्हणजे पूर्वस्थिती नव्हे. प्रवाह परत आणता येतो. त्याचा अर्थ मात्र सांगणारे असतील तोवरच टिकतो.